आधी पत्रा, मग इंजिन

वाचकांचे प्रश्न : मोटारगाडी

या महिन्याच्या टपालातील बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. परवडेल अशी जुनी गाडी घ्यावी आणि जमेल तसा पैसा व वेळ घालून तिची कामगिरी वाढवत न्यावी, म्हणजे जिला आता सगळेच प्रोजेक्ट कार म्हणतात ती कोणती असावी, हा तो विषय. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम मोठे ठेवले आहे, कारण इतर अनेकांच्या शंका त्यात आल्या आहेत.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि निगडीला राहतो. कामावर जाण्यासाठी कंपनीची बस आहे, त्यामुळे गाडी मला शनिवार-रविवारी ताम्हिणी किंवा महाबळेश्वरच्या रस्त्यावर चालवण्यासाठी आणि शक्य तेवढे काम स्वतःच्या हातांनी करून सुधारण्यासाठी हवी आहे. एकूण ४ लाख रुपये साठवले आहेत. २००८ ची स्विफ्ट १.३ पेट्रोल दीड लाखाला, २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक १ लाख ८० हजारांना आणि २०१४ ची पोलो जीटी टीएसआय पावणेचार लाखांना मिळते आहे. मित्रांचे म्हणणे पोलोच घ्यावी, कारण तिला टर्बो आहे आणि ती आपल्या चाकणलाच बनलेली आहे. मी काय करावे?
— एक वाचक, निगडी

उत्तर : पत्रा निर्दोष असेल तर स्विफ्ट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलो वाईट आहे म्हणून नव्हे. १.२ लिटरच्या त्या टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनाची १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आपल्या यादीतील इतर दोन गाड्यांना सहज देता येणार नाही. परंतु पावणेचार लाख मोजल्यावर आपल्या हाती २५ हजार उरतात, आणि दहा वर्षांहून जुन्या, डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या टर्बो गाडीचा आधीच्या मालकाने पुढे ढकललेला खर्च तेवढ्या रकमेत भागेल असे समजणे धाडसाचे आहे. गाडी दारात उभी राहील, पण प्रोजेक्ट सुरूच होणार नाही. या बाबतीत गाडीची किंमत पाहायची नसते. गाडी घेऊन ती मूळ स्थितीत आणल्यानंतर खिशात काय उरते, ते पाहायचे असते.

आपल्या ४ लाखांचा हिशेब मी असा मांडेन. दीड लाख गाडीला. सुमारे ८० हजार ती पूर्ववत करण्याला, म्हणजे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सर्व पट्टे, रेडिएटरचे होज पाइप, इंजिन माउंटिंग, क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट यांना. ५० हजार हात न लावता बाजूला, कारण जुनी गाडी ते केव्हा मागेल ते सांगता येत नाही. उरलेले १ लाख २० हजार हे आपले खरे भांडवल, आणि कामगिरी वाढवण्याविषयी जे काही ठरवायचे ते एवढ्याच रकमेच्या आत. हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मात्र पूर्ववत करण्याचा टप्पा वगळून थेट एअर फिल्टर आणि सायलेन्सरकडे धावणाऱ्यांच्या गाड्या वर्षभरात अर्धवट स्थितीत विक्रीला आलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

स्विफ्टच का, याचे कारण तिच्या इंजिनात आहे. २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्टमधले १२९८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे, ८७ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन हे एस्टीम आणि जिप्सी यांच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे. २०१० मध्ये त्याची जागा १.२ लिटरच्या नव्या इंजिनाने घेतली. जिप्सी आणि एस्टीम या दोन्ही गाड्या आपल्याकडच्या रॅली स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षे धावल्या, त्यामुळे या इंजिनाचे बोअर, हेड, कॅमशाफ्ट यांवर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात आणि सुटे भाग मिळण्याची अडचण फारशी येत नाही. स्वतःच्या हातांनी शिकू इच्छिणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण चूक होणारच आहे, आणि झालेली चूक स्वस्तात सुधारता आली पाहिजे.

होंडा सिटीविषयी मला व्यक्तिशः ममत्व आहे. त्या १.५ व्हीटेकची १०६ अश्वशक्ती टर्बोशिवाय येते आणि वरच्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) ते इंजिन ज्या तऱ्हेने खुलते तसे त्या काळात या किमतीच्या दुसऱ्या गाडीत नव्हते. तरीही २० वर्षांहून जुन्या त्या गाडीचे दिवे, बंपर, आतले प्लॅस्टिक, सेन्सर यांसाठी महिनोन्महिने शोध घ्यावा लागतो. ती दुसऱ्या प्रोजेक्टची गाडी आहे, पहिल्याची नव्हे.

आता कामाचा क्रम. आपले रस्ते घाटाचे आहेत, म्हणून पहिला पैसा टायरला. या स्विफ्टच्या वरच्या श्रेणीत १८५/७० आर १४ मापाचे टायर येत. १५ इंची रिमवर जायचे असेल तर १९५/६० आर १५ घ्यावे, कारण दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास ६१५ मिलिमीटरच भरतो आणि स्पीडोमीटर किंवा गिअरचे गणित बिघडत नाही. रिम निवडताना तिची चमक न पाहता वजनकाट्यावर ठेवून पाहावी. जड रिम इंजिनाची ताकद आणि सस्पेन्शनची चपळाई दोन्ही खाते.

दुसरा पैसा ब्रेकला. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना जे ब्रेक तापतात, त्यांची खरी परीक्षा ब्रेक ऑइलमध्ये असते. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो. तेच ऑइल हवेतील ओल शोषून जुने झाले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. एकदा ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग वाढवण्याची तयारी करणाऱ्याने ब्रेकची तयारी आधी आणि अधिक करावी. चांगले पॅड, नव्या डिस्क, ताजे ऑइल आणि नवे होज एवढ्यावर पहिली दोन वर्षे पुरेशी जातात.

तिसऱ्या क्रमांकावर शॉक ॲब्सॉर्बर आणि किंचित कडक स्प्रिंग. ताम्हिणीच्या पावसाळी रस्त्यांची अवस्था लक्षात घेता गाडी फार खाली बसवू नये.

इंजिनाची पाळी शेवटी, आणि तिथे अपेक्षा माफक ठेवावी. टर्बो नसलेल्या इंजिनाला चांगला हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), मोकळा पण आवाजाच्या मर्यादेत राहणारा सायलेन्सर आणि नीट केलेले ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग यांतून आठ-दहा टक्के वाढ मिळाली तर काम उत्तम झाले असे समजावे. म्हणजे ८७ चे ९५. त्याहून मोठे आकडे कोणी सांगितले तर आधीची आणि नंतरची अशा दोन्ही डायनो (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदी मागाव्यात, त्याही एकाच यंत्रावरच्या. येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्के कमी असतो. महाबळेश्वरला ही तूट १५ टक्क्यांच्या आसपास जाते. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढीच हवा कमी मिळते, म्हणून कागदावरचे ८७ आपल्याला येथे पूर्ण मिळतच नाहीत. उलट गाडीच्या १००० किलोंपैकी ५० किलो कमी झाले तर त्याचा लाभ समुद्रकिनारी आणि घाटमाथ्यावर सारखाच मिळतो. मात्र वजन कमी करण्यासाठी मागचे आसन कायमचे काढू नये. आसनसंख्या ही आरसीवर नोंदलेली बाब आहे.

पुढेमागे बजेट वाढले आणि टर्बोच हवा असे वाटले, तर २०१७ साली आलेल्या बलेनो आरएसचा विचार करावा. ९९८ सीसीच्या त्या टर्बो इंजिनाची ताकद १०२ पीएस (अश्वशक्तीचेच मेट्रिक माप), टॉर्क १५० न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क, साधा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि जेमतेम ९५० किलोंची गाडी. मला स्वतःला ती पोलोपेक्षा अधिक योग्य वाटते.

प्रश्न : जुनी गाडी पाहायला जाताना नेमके काय तपासावे? विकणारा प्रत्येक जण इंजिन एक नंबर आहे असेच सांगतो.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : इंजिन एक नंबर असेलही, पण ते शेवटी तपासावे. इंजिन उतरवून नवे रिंग-पिस्टन घालता येतात. सडलेला पत्रा मात्र माणसाला आणि बजेटला दोन्हींना थकवतो. हे मी अनुभवाने लिहितो. पंचवीस वर्षांपूर्वी मी माझी पहिली जुनी सेदान एका व्यापाऱ्याकडून घेतली. इंजिन खरोखर उत्तम होते आणि खालून गाडीला ताजा काळा डांबरी लेप दिलेला होता, जो मला काळजी घेतल्याची खूण वाटला. पहिल्या पावसाळ्यात चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला झाला; उचलून पाहिले तर लेपाखाली पत्राच नव्हता, जुन्या पत्र्याची पूड तेवढी उरली होती. फ्लोअर कापून नवा पत्रा जोडण्यात मी गाडीच्या किमतीइतकेच पैसे घातले, आणि ज्या सुधारणांसाठी ती गाडी घेतली होती त्या कधीच झाल्या नाहीत.

म्हणून गालिचा उचलावा. स्टेपनी बाहेर काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवावा. बॉनेट उघडून शॉक ॲब्सॉर्बरचा वरचा भाग जिथे पत्र्याला बोल्टने बसतो त्या दोन्ही गोल जागा, बॅटरीखालचा ट्रे, दरवाजांच्या खालच्या कडा आणि दारांखालच्या आडव्या पट्ट्या पाहाव्यात. साधे लोहचुंबक रुमालात गुंडाळून दरवाजांवर आणि मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवावे. जिथे ते पकड सोडते तिथे जाड लांबी (पुटी) भरलेली आहे. ताज्या लेपापेक्षा जुना, धुळीने माखलेला पण सलग पत्रा केव्हाही चांगला.

गाडी कोणत्या जिल्ह्यात वाढली हेही विचारावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतची खारी हवा पत्रा पोखरते, तर सोलापूर, अहिल्यानगर या कोरड्या भागांतल्या गाड्यांचा पत्रा बहुधा टिकलेला असतो. उन्हाने त्यांची रबरे आणि डॅशबोर्ड कडक होतात, पण रबर बदलणे सोपे आहे. मी पुण्याहून सोलापूरपर्यंत केवळ पत्र्यासाठी गेलो आहे आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

यानंतर इंजिन. आपण पोहोचण्याआधी ते सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगावे, कारण झिजलेल्या इंजिनाचे दोष थंड असताना दिसतात. मग ओळखीच्या फिटरकडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्यावी. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांहून अधिक असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. चेसिस व इंजिन क्रमांक स्वतः डोळ्यांनी जुळवावेत, कर्जाचा बोजा उतरला असल्याची खात्री करावी, आणि १५ वर्षांपुढची गाडी असेल तर पुनर्नोंदणी व पर्यावरण कर भरल्याचा पुरावा मागावा. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांना ते त्याहून अधिक आहे. दिल्लीची गाडी फार स्वस्त मिळते म्हणून भुलू नये. तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणून ती स्वस्त असते; ना हरकत प्रमाणपत्र, येथील नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरल्यावर तो स्वस्तपणा बराच ओसरतो.

प्रश्न : वडिलांची १९९८ ची कार्ब्युरेटरची झेन घरी आहे. भोसरीतील एक वर्कशॉपवाले म्हणतात की एस्टीमचे १.३ इंजिन तिच्यात सरळ बसते. बसवावे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : बसते, यात शंका नाही. झेनचे ९९३ सीसीचे इंजिन आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले आहेत, आणि हलक्या झेनमध्ये ८५ अश्वशक्ती काय करते ते अनुभवलेला माणूस ते विसरत नाही. तरीही रस्त्यावर चालवायच्या गाडीत ते बसवू नका, असेच मी सांगेन.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिनाची क्षमता आणि क्रमांक दोन्ही आरसीवर असतात, त्यामुळे ही गोष्ट लपण्यासारखी नाही, आणि आपल्या झेनला दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी निरीक्षकासमोर उभे राहावेच लागणार आहे. दंडापेक्षाही मला विम्याची काळजी अधिक वाटते. अपघातात तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली आणि गाडीत नोंदीपेक्षा वेगळे इंजिन निघाले, तर विमा कंपनी ती भरपाई आपल्याकडून वसूल करण्याचा प्रयत्न करू शकते.

वडिलांची गाडी आहे, म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. मूळ इंजिन असलेली, सगळे क्रमांक जुळणारी जुनी झेन आता सहज दिसत नाही. त्याच इंजिनाचे नवे रिंग-पिस्टन, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि कार्ब्युरेटरची संपूर्ण साफसफाई करून घ्यावी, चांगले टायर आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर लावावेत. कात्रजच्या जुन्या घाटात ती गाडी ५० अश्वशक्तीतही आपल्याला जो आनंद देईल, तो आकड्यांवरून लक्षात येण्यासारखा नाही.

प्रश्न : २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा जुन्या प्रोजेक्ट कारवर काय परिणाम होतो? १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरावे का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ किलो. त्यामुळे २० टक्के मिश्रणाला तेवढ्याच हवेमागे थोडे अधिक इंधन द्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी) गाडी ही भरपाई बऱ्याच अंशी आपोआप करते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, म्हणून तिथे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि जेट (इंधन सोडणारे छिद्र) किंचित मोठा घ्यावा लागतो. जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधली गॅस्केट आणि पंपातील पडदे इथेनॉलने लवकर खराब होतात, तेव्हा इंधनाची सगळी रबरे गाडी घेताच बदलावीत. इथेनॉल पाणी शोषते. केवळ शनिवार-रविवारी निघणारी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवू नये.

१०० ऑक्टेनचे पेट्रोल देशात २०२० च्या अखेरीस ज्या शहरांत प्रथम आले त्यांत पुणे होते. त्याचा लाभ केवळ त्या इंजिनाला होतो ज्याचे ट्यूनिंग त्या इंधनासाठी केले आहे, म्हणजे बहुधा टर्बो असलेल्या आणि रीमॅप केलेल्या (ईसीयूचा प्रोग्राम बदललेल्या). मूळ स्थितीतल्या स्विफ्टला किंवा झेनला ते भरणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. तसेही २० टक्क्यांच्या मिश्रणाचा ऑक्टेन ९५ असतो आणि जुन्या इंजिनांना तो पुरून उरतो.

प्रश्न : माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आधीपासून आहे, ७० हजार किलोमीटर झाले आहेत. रीमॅप करून घेणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : निरोगी गाडीवर, माहीतगार माणसाकडून आणि संयमाने केले तर होय. टर्बो इंजिनाला केवळ रीमॅपने २० ते ३० टक्के वाढ मिळू शकते, म्हणून या गाड्या हौशी लोकांना प्रिय आहेत. आपल्या गाडीतला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे. मुळातले १७५ वाढून २२० झाले तरी तो कागदावर मर्यादेत राहतो. पण जुन्या क्लचला ती मर्यादा लागू होत नाही, आणि हिंजवडीच्या वाहतुकीत रोज तासभर अर्धवट क्लचवर सरकणाऱ्या गाडीचा क्लच तर किलोमीटरच्या आकड्यापेक्षा बराच अधिक झिजलेला असतो.

म्हणून आधी गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी, नवे स्पार्क प्लग घालावेत आणि इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी पाहून घ्यावी. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत. ट्यूनरकडे मूळ ईसीयू फाइलची प्रत मागावी आणि ती स्वतःजवळ ठेवावी. कमी फेऱ्यांवर एकदम टॉर्क न चढवता तो ओळीने वाढवणारा मॅप मागावा, कारण कनेक्टिंग रॉड आणि क्लच यांना कमी फेऱ्यांवरचा अचानक झटका सर्वाधिक सोसावा लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढण्याचा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. ते काढणे बेकायदेशीर आहे, आणि त्याचा धूर शेवटी आपल्याच शहराच्या छातीत जातो.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा घरच्या जुन्या गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचा आणि स्प्रिंग कापून गाडी खाली करायची म्हणतो. त्याची हौस मोडू नये असे मला वाटते, पण भीतीही वाटते. काय सांगू?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : ताई, आपली भीती रास्त आहे आणि हौस न मोडण्याची इच्छाही तितकीच योग्य आहे. दोन गोष्टींना मात्र ठाम नकार द्यावा.

कापलेली स्प्रिंग खड्ड्यावरून उडाल्यावर आपल्या जागेवरून सुटू शकते. शिवाय शॉक ॲब्सॉर्बरला चालायला जागाच उरत नाही, त्यामुळे वळणावर चाक रस्ता सोडते. गाडी खाली करायचीच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेली, थोडी आखूड आणि कडक स्प्रिंग योग्य शॉक ॲब्सॉर्बरसह घ्यावी लागते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने ताकद क्वचितच वाढते, बऱ्याचदा कमी फेऱ्यांवरची ओढ कमीच होते, आणि आवाज व प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंडाची आणि वाहन चालवण्याचा परवाना तीन महिने गमावण्याची तरतूद आहे. गल्लीतल्या आजारी माणसांचा आणि अभ्यास करणाऱ्या मुलांचा विचार त्याच्यासमोर मांडला तर तो ऐकेल, असा माझा विश्वास आहे.

वेगाची ओढ असेल तर तिला जागा आहे. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झालेल्या आहेत, आणि मोटर स्पोर्ट्स महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावर आखलेल्या मार्गावरच्या) स्पर्धांत घरची साधी गाडीही भाग घेऊ शकते. तेथे हेल्मेट, तपासणी आणि रुग्णवाहिका असते. रात्रीच्या बायपासवर यांतले काहीच नसते.

आणि सुरुवात म्हणून त्याला येत्या रविवारी ब्रेक ऑइल बदलायला सांगा. डॉट ४ ची बाटली, एक पारदर्शक नळी, रिकामी बाटली आणि योग्य मापाचा पाना एवढेच साहित्य लागते. गाडी सपाट जागेवर पक्क्या स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. या कामाला दोन माणसे लागतात, एक चाकाशी आणि एक पेडलवर. पेडलवर आपण बसा. तो “दाबा” म्हणाला की दाबून धरायचे, मग त्याने चाकाजवळचे निपल (ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) सैल करून नळीतून ऑइल येऊ द्यायचे, ते पुन्हा घट्ट करून “सोडा” म्हटल्यावरच पाय उचलायचा, आणि चारही चाकांतून स्वच्छ, बुडबुड्यांविना ऑइल येईपर्यंत वरच्या टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही. पहिल्या खेपेला काम झाल्यावर गाडी रस्त्यावर नेण्याआधी एखाद्या जाणत्या फिटरकडून तपासून घ्यावी.